जूचंद्रची रांगोळी आणि कॉलेजचा स्टॉल

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पहिले स्टेशन जूचंद्र. नायगाव पूर्वेचे हे जुने आगरी गाव. डोंगरावर चंडिकादेवीचे देऊळ, खाली गाव, परिसरात मिठागरे, आणि आता चहूबाजूंनी उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. मुंबईतले भाडे परवडेना म्हणून इकडे आलेल्या कुटुंबांत आपल्या समाजाचीही पुष्कळ घरे आहेत. या नव्या रहिवाशांच्या लेखी जूचंद्र म्हणजे रिक्षाचा थांबा, पाण्याचा टँकर आणि हप्त्यावर घेतलेला फ्लॅट. पण बाहेरच्यांना हे गाव माहीत आहे ते रांगोळीसाठी. इथल्या कलाकारांच्या रांगोळ्या लांबून पाहिल्या तर फोटोच वाटतात. दिवाळीत गावात त्यांचे प्रदर्शन भरते आणि ते पाहायला दूरदूरहून माणसे येतात.

माणसांची चित्रे काढावीत की नाहीत याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. तो या लेखाचा विषय नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या गर्दीबद्दल. रांगोळीसमोर थांबलेला माणूस आधी "वा!" म्हणतो आणि लगेच विचारतो, "ही कोणी काढली?" काढणारा बहुधा तिथेच कुठेतरी असतो. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. किती तास लागले? सावलीचा रंग कसा आणला? चुकले तर पुसता येते का? तो उत्तरे देतो, कारण तासन्‌तास जमिनीवर वाकून, चिमटीने रंग सोडत ते काम त्याने स्वतः केलेले असते. डोळ्यांना खेचणारी वस्तू आणि ती करणारे हात एकाच जागी सापडतात. जूचंद्रच्या प्रदर्शनाचा खरा मान आम्हाला यात वाटतो.

दिवाळीत ही रांगोळी पाहणारी माणसेच मे-जून उजाडला की आपल्या मुलामुलींना घेऊन दुसऱ्या एका प्रदर्शनाला जातात. दहावी-बारावीचे निकाल लागतात, हॉलबाहेर कमानी उभ्या राहतात, वर्तमानपत्रातून गुलाबी-निळी पत्रके पडू लागतात. शिक्षण मेळावा, करिअर मार्गदर्शन, अ‍ॅडमिशन फेअर, नाव काहीही असो. आत कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे स्टॉल ओळीने लागलेले असतात आणि प्रत्येक स्टॉलवर डोळे खेचणारे काहीतरी ठेवलेले असते. तिथे मात्र "हे कोणी बनवले?" असे विचारणारे फार थोडे.

वसई-विरार भागातल्या अशाच एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो. जूचंद्रला राहणारी आमची आपा, बारावी विज्ञान झालेली भाची आणि दहावीचा भाचा बरोबर होते. दारातून आत शिरताच भाच्याचा हात सुटला. एका स्टॉलवर विमानाच्या कॉकपिटसारखी खुर्ची, समोर तीन पडदे, हातात दांडा. मुलांची रांग लागलेली. शेजारी डोळ्यांवर जाड चष्मा लावून मुले हवेत हात मारत होती. त्यांना म्हणे हृदयाच्या आत फिरवून आणत होते. पलीकडे एक यंत्रहात चहाचा रिकामा कप उचलत होता आणि ठेवत होता. एका ठिकाणी पदवीदानाचा काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढण्याची सोय होती. प्रवेश व्हायच्या आधीच पदवी! आणि एका कोपऱ्यात जत्रेत असते तसे मोठे रंगीत चाक. फिरवायचे, काटा थांबेल तेवढी शिष्यवृत्ती. भाच्याने फिरवले. पंचवीस टक्के निघाले. टाळ्या वाजल्या. काउन्सेलर आपाला म्हणाली, "मॅडम, लकी आहे तुमचा मुलगा! आज फॉर्म भरलात तरच लागू होईल हं."

आपा हिशेबाला पक्की आहे. तिने विचारले, "पंचवीस टक्के कशातून कमी होणार? शिक्षण शुल्कातून की एकूण फीमधून? आणि पहिल्या वर्षी की चारही वर्षे?" काउन्सेलरने हसून तिला माहितीपत्रक दिले. त्यात उत्तर नव्हते.

शिष्यवृत्ती दोनच कारणांनी मिळते, मुलाची हुशारी किंवा घरची गरज. चाकाला या दोन्हींशी काही देणेघेणे नाही. चाकावर जे मिळते ते दुकानदाराने आधी वाढवलेल्या किमतीवर दिलेली सूट आहे, आणि "आजच" ही अट तिच्यासोबत येते ती घरी जाऊन विचार करायला वेळ मिळू नये म्हणून. मुलांच्या तालीमचा निर्णय नशिबाच्या चाकावर बसवणाऱ्या संस्थेला आम्ही तरी तिथेच सलाम केला.

आकर्षणाच्या वस्तू ठेवण्यात मुळात वाईट काही नाही, हेही सांगितले पाहिजे. हॉलमध्ये पन्नास स्टॉल, प्रत्येकावर सारखाच फ्लेक्स, सारखीच हसरी मुले. चालणाऱ्याची पावले कशाने तरी थांबवावी लागतात. हलणारी वस्तू थांबवते, उजेड थांबवतो, आणि सर्वात जास्त थांबवते ती स्वतःच्या हाताने करून पाहायला मिळणारी गोष्ट. मुलाच्या हातात दांडा दिला की आई-बाप आपोआप बाजूला उभे राहतात, आणि त्या पाच मिनिटांत मोबाइल नंबर लिहून घेता येतो. स्टॉलवाल्याचे खरे काम तो नंबर मिळवणे हेच असते. त्यानंतर महिनाभर सकाळ-संध्याकाळ फोन येतात. नंबर द्यायचाच असेल तर घरातल्या मोठ्या माणसाचा द्यावा, मुलीचा देऊ नये, हे आपाने दारातच बजावले होते.

आपल्या इतिहासातही एक नमुना आहे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला कारागीर अल-जझारी याने इ.स. १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यातले हत्तीचे घड्याळ आजही जगभरच्या प्रदर्शनांत गर्दी खेचते. दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्येही त्याची मोठी प्रतिकृती आहे. हत्तीच्या पोटात पाण्याचे टाके, टाक्यात बुडाला बारीक भोक असलेला वाडगा. वाडगा हळूहळू भरतो, अर्ध्या तासाने बुडतो, दोरी ओढली जाते, वरून गोळा सुटतो, सापाच्या तोंडात पडतो, साप खाली झुकतो, माहूत ठोका देतो आणि वाडगा पुन्हा वर येतो. पाहणारा थक्क होतो. पण अल-जझारीने थक्क करण्यावर थांबायचे नाकारले. प्रत्येक भाग कसा करायचा, कसा जोडायचा, हे त्याने आकृत्यांसह लिहून ठेवले, म्हणून आठशे वर्षांनंतरही लोक ते घड्याळ बनवू शकतात. तमाशा आणि तालीम यांतला फरक इतकाच आहे.

उलट्या बाजूचे उदाहरण फार जुने नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमात कृत्रिम बुद्धिमत्तेवरची मोठी परिषद भरली होती. तिथे दिल्लीजवळच्या एका खासगी विद्यापीठाच्या स्टॉलवर चार पायांचा यंत्रकुत्रा उड्या मारत होता. तो आमच्याच केंद्रात तयार झाला, असे कॅमेऱ्यासमोर सांगितले गेले. पाहणाऱ्यांनी लगेच ओळखले की तो युनिट्री या चिनी कंपनीचा, बाजारात कोणालाही विकत मिळणारा कुत्रा आहे. देशभर हसे झाले आणि विद्यापीठाला स्टॉल सोडावा लागला. विकत आणलेले यंत्र ठेवणे गुन्हा नाही. मुले त्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकत असतील तर उत्तमच. गोष्ट बिघडली ती "कोणी बनवले?" या प्रश्नाच्या उत्तरात.

चांगल्या संस्थाही पाहुणे यंत्र आणतात, पण ते पाहुणे आहे हे लपवत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये सोफिया नावाचा यंत्रमानव साडी नेसवून आणला होता. ही तीच सोफिया, जिला दोन महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने नागरिकत्व दिले म्हणून आपल्याकडे चहाच्या टपरीपासून सगळीकडे चर्चा झाली होती. तिला पाहायला प्रचंड गर्दी झाली, पण ती हाँगकाँगच्या कंपनीची आहे हे सर्वांना ठाऊक होते. ती आयआयटीने बनवली असे कोणी म्हटले नाही.

आता आमच्या मेळाव्याकडे. कॉकपिटच्या खुर्चीजवळ उभ्या तरुणाला आम्ही विचारले, "हे तुमच्या विद्यार्थ्यांनी केले का?" तो म्हणाला, "नाही सर, इव्हेंटवाल्यांकडून आलंय." प्रामाणिक उत्तर होते, त्याबद्दल त्याचे आभार. "मग कॉलेजात असे यंत्र आहे का?" "ते अ‍ॅडमिशनवाल्यांना विचारावं लागेल." यंत्रहाताजवळच्या मुलीला तो हात कुठल्या विषयात शिकवतात हे माहीत नव्हते. ती त्या कॉलेजची विद्यार्थिनी नव्हतीच. दोन दिवसांच्या रोजावर आली होती.

आणि मग अगदी शेवटी, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी एक टेबल होते. मागे फ्लेक्ससुद्धा धड नव्हता. डिप्लोमा करणाऱ्या दोन मुली, त्यांतली एक हिजाब घेतलेली, समोर तीन प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या टांगून बसल्या होत्या. बाटल्यांत खडी, वाळू आणि कोळसा. खाली काचेचे ग्लास. टेबलावर पेनाएवढे पाणी मोजण्याचे यंत्र. "तुमच्या घरचं पाणी आहे का बरोबर?" तिने भाचीला विचारले. भाचीच्या पिशवीत टँकरच्या पाण्याची बाटली होतीच. नायगाव पूर्वेला राहणाऱ्यांच्या पिशवीत आणखी कुठले पाणी असणार! यंत्र पाण्यात बुडवले. आकडा आला. मुलगी म्हणाली, "पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं. तुमचं त्याच्या आत आहे." आपाने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण खाला, याने फक्त क्षार कळतात. जंतू आहेत की नाहीत हे या यंत्राला कळत नाही. त्यासाठी नमुना लॅबमध्ये द्यावा लागतो. आणि हा आमचा फिल्टर गढूळपणा कमी करतो, जंतू मारत नाही. पाणी उकळायचंच."

आपल्याच वस्तूला काय जमत नाही हे तिने न विचारता सांगितले. साऱ्या हॉलमध्ये असे दुसऱ्या कोणी केले नाही. भाची तिथे अर्धा तास उभी राहिली. कोणते विषय असतात, प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास मिळतात, शिक्षक येतात का, मुलींच्या वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, सगळे विचारले. काउन्सेलरने यांतले एकही खरे सांगितले नसते. म्हणून आमचा पालकांना पहिला सल्ला हाच, की स्टॉलवर शिकणारा विद्यार्थी शोधावा आणि त्याच्याशी पालकांनी नव्हे, मुलाने किंवा मुलीने बोलावे. पालक दोन पावले मागे उभे राहिले की खरी उत्तरे जास्त मिळतात.

हे सगळे इतक्या बारकाईने का लिहावे? कारण आपल्या घरांत चुकीच्या प्रवेशाची किंमत जास्त पडते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची उच्च शिक्षणातली संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे १ लाख ७९ हजारांनी, म्हणजे आठ टक्क्यांनी घटली. त्या वर्षी एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचा वाटा ४.६ टक्के होता. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे. पुढच्या वर्षी संख्या पुन्हा वाढली, अल्हम्दुलिल्लाह, पण दरी मोठीच आहे. एका कमावत्या माणसाच्या घरात मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी बांगड्या गहाण पडतात. वर्षाने कळते की कॉलेजात ते यंत्रही नाही आणि शिक्षकही नाही. मग दुसऱ्या वर्षाची फी निघत नाही, आणि तोवर धाकटी बारावी झालेली असते. तिला सांगितले जाते, "आता थोडं थांब बेटा." ती थांबते ती कायमचीच. चकाकत्या स्टॉलचे बिल पुष्कळदा त्या मुलीच्या नावावर फाटते, जी त्या मेळाव्याला गेलीसुद्धा नव्हती.

मुलींच्या फीचा नियम

मेळाव्यात सर्वात कमी सांगितली जाणारी आणि आपल्या मुलींच्या सर्वात कामाची गोष्ट ही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण, म्हणजे शंभर टक्के सरकार देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे. आधी हा लाभ निम्मा होता.

पण दोन अटी नीट वाचाव्यात. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुले "कॅप राउंड" म्हणतात त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे यातून वगळली आहेत. आता हॉलमधले सर्वात उंच, सर्वात उजेडाचे स्टॉल कोणाचे होते ते आठवा. बहुतेक अशाच विद्यापीठांचे. चाकावर पंचवीस टक्के जिंकलेली मुलगी कदाचित शंभर टक्के सोडून आलेली असते, आणि हे तिला तिथे कोणी सांगत नाही. सांगण्याची जबाबदारी स्टॉलवाल्याची नाही असे तो म्हणेल. मग आपली तरी आहे.

मुस्लिमांना यात जागा कुठे, असे अनेक जण विचारतात. महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आपल्या बऱ्याच बिरादऱ्या आहेत. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी ही त्यांतली काही नावे. यादी पाहून आपली नोंद तपासावी. यादीत नसलेल्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळते का हे तहसील कार्यालयात विचारावे. इतर मागास वर्गासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. वैधतेला वेळ लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे किंवा जन्माचे जुने दाखले मागतात आणि ते पुष्कळदा कोकणात, खानदेशात किंवा मराठवाड्यातल्या मूळ गावी असतात. हे काम अकरावीतच हाती घ्यावे. मे महिन्यात धावपळ करून ते होत नाही.

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा असतात, त्याही कॅपच्या माहितीत पाहाव्यात. भायखळ्याचे साबू सिद्दीक किंवा नवीन पनवेलचे काळसेकर संकुल ही अंजुमन-ए-इस्लामची कॉलेजे सर्वांना माहीत आहेत. जूचंद्रच्या मुलीला पनवेल नकाशावर लांब दिसते. वसई-दिवा मार्गाने पनवेलकडे गाड्या जातात, पण त्या थोड्या आहेत आणि त्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळतीलच असे नाही. चर्चगेटच्या बाजूला जायचे तर नायगावहून तासापेक्षा जास्त. रोजचा प्रवास एकदा स्वतः, गर्दीच्या वेळी, करून पाहावा. स्टॉलवरचा नकाशा नेहमी "स्टेशनपासून दहा मिनिटे" म्हणतो.

पदवी द्यायचा अधिकार आहे का

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातले कलम २२ सांगते की पदवी कोण देऊ शकतो: कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी "युनिव्हर्सिटी" असा कितीही मोठा फलक लावला तरी त्याची पदवी कागद आहे. आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. त्या यादीत महाराष्ट्रातले एक नाव वर्षानुवर्षे येते, नागपूरची "राजा अरेबिक युनिव्हर्सिटी". नाव ऐकून आपली माणसे आधी विश्वास टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिले. अरबी नाव, चंद्रकोर, बिस्मिल्लाहचा फलक यांनी मान्यता येत नाही. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाला तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, आणि ती याच वर्षासाठी, याच शाखेसाठी आहे का, हेही तसेच तपासता येते. पालघर जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. "आमचे मुंबई विद्यापीठाशी टाय-अप आहे" हे वाक्य मात्र संलग्नतेपेक्षा वेगळे असते. टाय-अप म्हणजे काय, ते लिहून मागावे.

नोकरीच्या आकड्यांबद्दल थोडे. स्टॉलवर एक मोठा हसरा चेहरा आणि खाली "४० लाखांचे पॅकेज" असे असते. समजा दहा मुले आहेत. नऊ जणांना वर्षाला तीन-तीन लाख, एकाला चाळीस. सरासरी निघते सहा लाख सत्तर हजार, आणि फलकावर चढतात चाळीस. पण आपले मूल त्या नऊंत असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून मधल्या मुलाला किती मिळाले हे विचारावे. इथे तो आकडा तीन लाख आहे. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्था हा मधला आकडा भरून देतात आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर असतो. जी संस्था विचारल्यावर फक्त सर्वात वरचा आकडा सांगते, तिने उत्तर दिले असेच समजावे.

पैसे भरलेच असतील तर घाबरू नये. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेला मुलांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. तपासून लगेच परत द्यावी लागतात. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केले तर पूर्ण फी परत, फार तर ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, त्यानंतर काही नाही. काही वर्षी आयोग याहून सोयीच्या तारखा जाहीर करतो. म्हणून पावती, तारीख आणि अर्जाची प्रत जपून ठेवावी. रोख रक्कम बिनपावतीची देऊ नये, मध्यस्थ मशिदीत शेजारी बसणारा ओळखीचा असला तरी.

मुलांना खरोखर थक्क करायचेच असेल, तर मेळाव्यापेक्षा चांगल्या जागा आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, ती सर्वांसाठी खुली होते आणि शाळा-कॉलेजांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. त्या थाळीखाली उभे राहिल्यावर चाक फिरवायची कोणाला आठवण होणार नाही. आणि तिथे भेटणारा माणूस ती दुर्बीण रोज चालवणारा असतो. जूचंद्रहून एसटीने किंवा गाडीने पहाटे निघाले तर एका दिवसात जाऊन येता येते, फक्त घाटात मुलांना त्रास होतो म्हणून न्याहारी हलकी ठेवावी.

आणि एक विनंती आपल्या जमाती, ट्रस्ट आणि मोहल्ला कमिट्यांना. रमजान ईदनंतर किंवा निकालाच्या आधी तुम्ही करिअर मार्गदर्शन शिबिर घेता, हार-शाल होतात, तीन भाषणे होतात, मुले मागच्या रांगेत मोबाइल बघतात आणि मुली वरच्या मजल्यावर आवाज नीट येत नाही म्हणून आपसांत बोलतात. पुढच्या वेळी एक भाषण कमी करा. आपल्याच वस्तीतली जी मुले-मुली आज आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी किंवा इंजिनिअरिंग करत आहेत, त्यांना बोलवा आणि सांगा, तुम्ही स्वतः केलेली एक वस्तू आणा. वायरिंगचा बोर्ड, मलमपट्टीची पेटी, इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना, मोबाइलवर चालणारे लहान अ‍ॅप, काहीही. टेबल एकेकाला एक पुरते. मुलींची टेबले खालीच, मुख्य दालनात ठेवा. प्लगची आणि एक्स्टेन्शन बोर्डची सोय आदल्या दिवशी पाहून ठेवा, कारण आमच्या अनुभवाने ऐन वेळी तिथेच गाडे अडते.